मिठाची वाट, अंगूचे झाड

इ. स. १६२४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस दोन येशूसंघीय आग्र्याहून निघाले. एक फादर अंतोनियो दे आंद्रादे आणि दुसरे त्यांचे सहकारी ब्रदर मानुएल मार्केस. हिमालयापलीकडे कोठेतरी ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे अशी वदंता त्या काळी मोगल दरबाराच्या आसपास ऐकू येई. तिचा शोध घ्यावा हा त्यांचा हेतू होता. बदरीनाथला निघालेल्या यात्रेकरूंच्या तांड्यात वेष पालटून ते सामील झाले. हरिद्वारवरून गंगेच्या काठाने चढत ते गढवालच्या राजाची राजधानी श्रीनगर येथे आले (काश्मिरातील श्रीनगर निराळे). तेथे राजाच्या अधिकाऱ्यांनी त्यांना अडवून त्यांची कसून चौकशी केली. सुटका झाल्यावर अलकनंदेची अरुंद दरी धरून ते बदरीनाथला व तेथून पुढे माणा या शेवटच्या वस्तीला पोहोचले.

फादर आंद्रादे हे पोर्तुगालमधील ओलेइरोस गावचे. ते १६०० साली गोव्यास आले, तेथेच त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे ते गोवा प्रांताचे प्रांतिक झाले. १९ मार्च १६३४ रोजी गोव्यातच विषप्रयोगाने त्यांचा अंत झाला. तिबेटमधील त्सापरांग येथे १६२६ च्या पास्काच्या सणाला त्यांनी चर्चची कोनशिला बसविली, एवढे आपल्या मिशन-इतिहासातून आपण वाचलेले असते. त्यांचे पहिल्या प्रवासाचे पत्र १६२६ साली लिस्बनला छापले गेले आणि युरोपात अनेक भाषांत गेले. ते धाडस खरोखरच थोर होते. साडेपाच हजार मीटरांहून उंच असलेली माणाची खिंड त्यांनी ओलांडली तेव्हा बर्फाच्या लखलखाटाने त्यांची दृष्टी काही काळ गेली होती आणि हातपाय बधिर झाले होते.

पण हे पत्र दुसऱ्याही कारणासाठी वाचण्याजोगे आहे. खिंड वर्षातून जेमतेम दोन महिने उघडी असते, उरलेले दहा महिने बर्फ वाट अडवून बसते, ही माहिती फादरांना कोणी दिली? माणाच्या लोकांनी. बर्फात वाट दाखविणारा कोण होता? माणाचाच माणूस. राजाची मनाई मोडून फादर पुढे निघाले तेव्हा त्या वाटाड्याला धमकावून परत बोलावण्यात आले. इतिहासाच्या पुस्तकात ही माणसे वाटाडे म्हणून येतात, भारवाही म्हणून येतात, क्वचित अडथळा म्हणूनही येतात आणि पान उलटले की नाहीशी होतात. प्रस्तुत लेख त्यांच्याविषयी आहे.

माणा आणि शेजारची नीती या दोन दऱ्यांत राहणाऱ्या या लोकांना बाहेरचे लोक भोटिया म्हणतात. त्यांच्यात मार्छा आणि तोल्छा असे दोन समाज आहेत. मार्छा वरच्या गावांतले व मुख्यतः व्यापारी, तर तोल्छा खालच्या गावांतले आणि शेतीवर अधिक विसंबून असणारे. तीन हजार मीटरांवरच्या जमिनीत वर्षाकाठी एकच पीक येते आणि तेही कोवळ्या उन्हाच्या चार-पाच महिन्यांत. एवढ्यावर कुटुंब जगत नाही. म्हणून या लोकांनी एका उंचीवर न जगता अनेक उंचींवर जगण्याची रीत काढली. उन्हाळ्यात वरच्या गावी शेती, त्याहून वर कुरणांत शेळ्यामेंढ्या, खिंड उघडली की तिबेटात व्यापार आणि थंडी पडू लागली की घरांना कुलपे घालून सगळे गाव खालच्या दरीत. आपल्याकडे एखादे घर बंद दिसले तर ते कुटुंब देशोधडीला लागले असे आपण समजू. तेथे बंद घर म्हणजे व्यवस्था सुरळीत चालली आहे असा अर्थ होता.

या व्यवस्थेचा कणा होता मीठ. तिबेटच्या पठारावर खाऱ्या सरोवरांतून मीठ मिळे, पण धान्य कमी. गढवालच्या डोंगरात धान्य होते, पण समुद्र हजार कोसांवर. तेव्हा भोटिया व्यापारी धान्य, गूळ, कापड घेऊन वर जात आणि मीठ, लोकर, टाकणखार घेऊन खाली येत. माल वाहणारे जनावर म्हणजे घोडा किंवा याक असेच आपल्या डोळ्यांपुढे येते. याक होतेच, परंतु बहुतेक भार वाहिला तो मेंढ्यांनी आणि शेळ्यांनी. प्रत्येकीच्या पाठीवर दोन बाजूंना लोंबणारी छोटी जाड पिशवी आणि तिच्यात थोडेसे मीठ किंवा धान्य. शेकडो शेळ्यामेंढ्यांचा असा कळप कड्याच्या वाटेने चालत जाई, वाटेतच चरे, आणि परतताना तिबेटात तिची लोकरही कातरून विकता येई. चाऱ्याचा खर्च नाही, रस्त्याची गरज नाही. वाहतुकीचे इतके स्वस्त साधन आजच्या अभियंत्यालाही सुचणे कठीण.

हा व्यापार विश्वासावर चालत असे. पलीकडच्या तिबेटी कुटुंबाशी भोटिया कुटुंबाचे पिढीजात संबंध ठरलेले असत. एक दगड फोडून त्याचा अर्धा तुकडा एकाने व अर्धा दुसऱ्याने जपायचा, आणि पुढच्या पिढीने तो जुळवून नाते सिद्ध करायचे, अशीही चाल होती. दगडाच्या त्या दोन तुकड्यांवर राज्ये आली-गेली तरी व्यवहार टिकला. गढवालचा राजा गेला, गुरखे आले, १८१५ मध्ये इंग्रज आले, खिंड मात्र दर उन्हाळ्यात उघडत राहिली.

ती मिटली १९६२ साली. भारत-चीन युद्ध झाले, सीमा बंद झाली आणि शतकानुशतकांचा व्यापार एका हंगामात संपला. नकाशावर ती केवळ एक रेषा होती, पण माणा-नीतीच्या माणसाच्या दृष्टीने त्याचे निम्मे जगणे त्या रेषेपलीकडे राहिले. १९६७ साली भोटियांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यातून शिक्षण आणि नोकरीची दारे थोडी उघडली, हे मान्य केले पाहिजे. पुढे १९९२ मध्ये लिपुलेख, १९९४ मध्ये शिपकी ला आणि २००६ मध्ये नथू ला या मार्गांनी चीनशी सीमाव्यापार पुन्हा सुरू झाला. माणा आणि नीती त्या यादीत नव्हत्या.

व्यापार गेला तेव्हा उरले काय? शेती, जनावरे आणि जंगल. जंगलाची कथा मात्र त्याआधी शंभर वर्षांपासूनच बिघडलेली होती.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेडरिक विल्सन नावाच्या इंग्रजाने टिहरीच्या राजाकडून भागीरथीच्या खोऱ्यातील जंगले मक्त्याने घेतली आणि देवदारांचे ओंडके नदीत सोडून मैदानात पोहोचविण्याचा धंदा सुरू केला. पाठोपाठ रेल्वे आली. रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकूड हवे होते, आणि ते टिकाऊ हवे होते. १८६४ साली वनखाते निघाले, १८७८ साली वनकायदा झाला. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊँ व ब्रिटिश गढवालमधील जंगलांचे मोठे क्षेत्र राखीव ठरविले गेले. कोणी किती लाकूड तोडावे, कोठे गुरे चारावीत, याचे नियम आले. लोकांनी १९२१ मध्ये ठिकठिकाणी राखीव जंगलांना आगी लावल्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि १९३१ मध्ये गावांना वनपंचायती स्थापन करण्याची मुभा मिळाली. शेजारच्या टिहरी संस्थानात मात्र ३० मे १९३० रोजी तिलाडी येथे जंगलहक्कांसाठी जमलेल्या लोकांवर राजाच्या फौजेने गोळीबार केला.

या सर्व काळात जंगलाचा पोतही बदलला. गावकऱ्याला हवा असतो बांज, म्हणजे डोंगरी ओक. त्याच्या पानांचा चारा होतो, पाचोळ्याचे खत होते, आणि बांजाच्या रानाखाली झरे बारमाही राहतात असा डोंगरी लोकांचा अनुभव आहे. वनखात्याला हवा होता चीड. तो सरळ वाढतो, त्याचे स्लीपर होतात आणि राळही मिळते. चिडाच्या सुया गुरे खात नाहीत आणि उन्हाळ्यात त्या चटकन पेट घेतात. दोन्ही झाडे हिरवीच. दुरून पाहणाऱ्याला डोंगर झाडांनी भरलेला दिसतो आणि समाधान वाटते. झाडांची संख्या मोजून जंगलाचा हिशेब करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी होती.

युद्धानंतर सैन्यासाठी रस्ते बांधले गेले. ते आवश्यक होते, परंतु सैन्याच्या ट्रकांमागोमाग ठेकेदारांचे ट्रकही आले. आजवर दुर्गम म्हणून वाचलेली वरच्या दऱ्यांतील जंगले आता लिलावाच्या यादीत बसू लागली.

येथे नदीविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. सप्टेंबर १८९३ मध्ये अलकनंदेला मिळणाऱ्या बिरही गंगेत गोहना गावाजवळ अख्खा डोंगर कोसळला. सुमारे नऊशे फूट उंचीचा नैसर्गिक बांध तयार झाला आणि त्यामागे पाणी तुंबू लागले. हा बांध केव्हातरी ओसंडणार हे इंग्रज अभियंत्यांनी ओळखले. त्यांनी तलावापासून खाली थेट हरिद्वारपर्यंत तारेची सोय केली, काठांवर पूर कोठवर येईल त्याच्या खुणा उभारल्या आणि माणसे हलविली. २५-२६ ऑगस्ट १८९४ च्या रात्री पाणी सुटले. श्रीनगर शहर वाहून गेले, म्हणजे फादर आंद्रादे यांना जेथे अडवून ठेवले होते तीच राजधानी. ते शहर पुढे नव्याने वसवावे लागले. मनुष्यहानी मात्र झाली ती पाचांची. एक फकीर आणि त्याचे कुटुंब, त्यांना तेथून हलविल्यावरही ते परत गेले होते. तलावाचा काही भाग त्यानंतरही शिल्लक राहिला होता.

तो उरलेला तलाव २० जुलै १९७० च्या महापुरात भरून फुटला. त्या दिवशी अलकनंदेने बेलाकुची हे गाव गिळले, पूल आणि बसगाड्या वाहून नेल्या, आणि तिच्या गाळाने खाली हरिद्वारजवळ गंगेचा कालवा बुजला. गोपेश्वर येथे चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या सर्वोदयी सहकाऱ्यांनी १९६४ साली एक ग्रामस्वराज्य संस्था स्थापन केली होती. पूरग्रस्तांना मदत पोहोचविताना या कार्यकर्त्यांच्या नजरेस आले की, जेथे वर जंगलतोड झाली होती तेथे खाली दरडींचा मारा अधिक होता. पावसाला दोष देऊन मोकळे होणे त्यांना शक्य झाले नाही.

भट्टांच्या संस्थेचे लहानसे शेती-अवजारांचे काम होते. अवजारांसाठी अंगूचे लाकूड लागे. अंगू हलका आणि चिवट, म्हणून बैलाच्या मानेवरील जू त्याचेच करीत. १९७३ साली संस्थेने अंगूची काही झाडे मागितली. वनखात्याने नकार दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत अलाहाबादच्या सायमंड्स या खेळसाहित्य बनविणाऱ्या कंपनीला मंडल गावच्या जंगलातील अंगूची झाडे तोडण्याचा परवाना मिळाला. शेतकऱ्याच्या नांगराला नाही, पण टेनिसच्या रॅकेटला आहे! एप्रिल १९७३ मध्ये मंडल येथे गावकरी ढोल वाजवीत रानात गेले आणि कंपनीच्या माणसांना हात हलवीत परतावे लागले. झाडाला कवटाळून, चिकटून उभे राहायचे, या कल्पनेवरून आंदोलनाला ‘चिपको’ हे नाव पडले.

शालेय पुस्तकांत चिपको आंदोलन ‘वृक्षप्रेम’ या मथळ्याखाली येते. मला हा मथळा अपुरा वाटतो. मंडलच्या शेतकऱ्यांना झाडे तोडायचीच नव्हती असे नव्हे. त्यांना जू हवे होते. प्रश्न झाडाचा होता त्यापेक्षा अधिक हक्काचा होता. त्या रानावर पहिला अधिकार त्याच्या सावलीत जगणाऱ्यांचा की दूरच्या कारखानदाराचा?

रैणीची घटना पुढल्या वर्षीची. रैणी हे नीती दरीतील तोल्छांचे गाव, ऋषिगंगा आणि धौलीगंगा यांच्या संगमावर वसलेले. तेथील सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला होता. २६ मार्च १९७४ रोजी गावातील पुरुषांना चमोली येथे बोलावण्यात आले. युद्धानंतर सैन्यासाठी घेतलेल्या जमिनींची नुकसानभरपाई त्या दिवशी मिळणार होती. इतकी वर्षे रखडलेले पैसे नेमके त्याच दिवशी निघाले. भट्टही गोपेश्वरला वनाधिकाऱ्यांच्या भेटीत गुंतले होते. इकडे मजुरांना घेऊन ठेकेदाराची माणसे नदीकाठाने जंगलाकडे निघाली. एका मुलीने त्यांना पाहिले आणि धावत जाऊन गौरादेवींना सांगितले. गौरादेवी महिला मंडळाच्या प्रमुख, वयाने पन्नाशीच्या आतबाहेर, तरुणपणीच विधवा झालेल्या. सत्तावीस बायका आणि मुली घेऊन त्या रानात गेल्या.

मजूर स्वयंपाकाच्या तयारीत होते. बायकांनी त्यांना विनवले, समजावले. कोणी शिवीगाळ केली, एकाने बंदूक रोखली. हे रान म्हणजे आमचे माहेर आहे, असे गौरादेवींनी त्यांना सांगितले. मराठी बाईला हा शब्द समजावून द्यावा लागत नाही. अडचणीच्या वेळी जेथे रित्या हाताने जाता येते आणि भरल्या हाताने परतता येते, ते माहेर. मजूर मागे फिरले. बायकांनी वाटेवरचा लहान पूल पाडला आणि रात्रभर पहारा दिला. त्यांनी झाडांना प्रत्यक्ष मिठ्या मारल्या की नाही, यावर आजही चर्चा होते. ती चर्चा मला गौण वाटते.

सरकारने दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानंतर ऋषिगंगा आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात दहा वर्षे तोड थांबविण्यात आली. पुढे या डोंगराळ भागात हजार मीटरांवरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर पंधरा वर्षांची बंदी आली. विजय मोठा होता.

पण यानंतरचे प्रकरण फारसे कोणी सांगत नाही. १९८२ साली रैणी आणि लाता या गावांच्या वरचा प्रदेश नंदादेवी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. गिर्यारोहकांच्या वर्दळीने तेथे कचरा आणि झाडांची हानी होऊ लागली होती, हे खरे. उपाय म्हणून उद्यान सर्वांनाच बंद झाले. त्यात गावकऱ्यांची चराई, औषधी वनस्पती आणि गिर्यारोहकांचे भार वाहून मिळणारी मजुरी ही तिन्ही गेली. १९८८ साली युनेस्कोने या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ज्यांनी रान वाचविले त्यांनाच रानाबाहेर काढण्यात आले. १९९८ मध्ये लाताचे गावकरी आपली जनावरे घेऊन उद्यानात शिरले. त्या आंदोलनाचे नाव होते ‘झपटो-छीनो’, म्हणजे झडप घाला, हिसकावून घ्या. मिठीपासून हिसकावण्यापर्यंतचा हा पंचवीस वर्षांचा प्रवास आहे. २००३ मध्ये उद्यान अंशतः खुले करण्यात आले. गौरादेवी ते पाहायला नव्हत्या. त्या जुलै १९९१ मध्ये निवर्तल्या.

रविवार, ७ फेब्रुवारी २०२१. सकाळी साडेदहाच्या सुमारास रैणीच्या वर रोंती शिखराचा उत्तरेकडचा कडा सुटला. शास्त्रज्ञांच्या अंदाजानुसार सुमारे दोन कोटी सत्तर लाख घनमीटर खडक आणि बर्फ सुमारे १,८०० मीटर खाली कोसळले. बर्फाचे पाणी झाले आणि दगडमातीचा लोट ऋषिगंगेतून सुटला. रैणीजवळचा १३.२ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प क्षणात नाहीसा झाला आणि खाली तपोवन येथे बांधकाम चालू असलेल्या ५२० मेगावॅटच्या प्रकल्पाचा बोगदा चिखलाने भरला. दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. त्यांपैकी बहुतेक प्रकल्पांवरील मजूर होते, उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरीपासून झारखंडापर्यंतचे. पहाडाचे अर्थकारण कसे बदलले आहे ते या यादीवरून दिसते. डोंगरातला तरुण मैदानात कामाला जातो आणि मैदानातला मजूर डोंगर पोखरायला येतो.

एखादा विशिष्ट कडा केवळ तापमानवाढीनेच कोसळला असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि शास्त्रज्ञही तसे म्हणत नाहीत. हिमालयातील हिमनद्या झपाट्याने झिजत आहेत आणि उंचावरील गोठलेले कडे सैल होत आहेत, याविषयी मात्र दुमत उरलेले नाही. १८९४ मध्ये तारेच्या साधनाने हजारो माणसे वाचविता आली आणि उपग्रहांच्या युगात दोनशे गेली, अशी तुलना करण्याचा मोह होतो. ती अन्यायाची होईल, कारण तेव्हा वर्षभराचा अवधी होता आणि आता काही मिनिटांचा. पण एक अवधी होता. रैणीच्या गावकऱ्यांनी २०१९ मध्ये प्रकल्पाच्या स्फोटांविरुद्ध नैनितालच्या उच्च न्यायालयात दाद मागितली होती. दुर्घटनेनंतर तेथील काही जण पुन्हा न्यायालयात गेले. जुलै २०२१ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली आणि याचिकाकर्त्यांना प्रत्येकी दहा हजार रुपये दंडही झाला.

पुराच्या नंतरच्या रात्री रैणीची कुटुंबे गावात झोपली नाहीत. ती वर रानात गेली. त्याच जून महिन्यात पावसाने गावाखालचा काठ खचला, रस्ता गेला, घरांना तडे गेले. नवा रस्ता काढण्यासाठी गौरादेवींचा पुतळा तेथून काढून जोशीमठला हलविण्यात आला.

जोशीमठाचे काय झाले, हे वाचकांना आठवत असेल. जानेवारी २०२३ मध्ये त्या गावातील आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले आणि शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. हे शहर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले आहे, येथे अवजड बांधकामे करू नयेत, असे मिश्रा समितीने १९७६ सालीच लिहून ठेवले होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले. वसईच्या विहिरी आणि बागायती राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर रस्त्यावर उतरलेल्या आपल्या कुटुंबांना या वाक्याचा अर्थ परिपत्रकाच्या आधीच कळला होता. अलकनंदेच्या काठी तो एखाद्या नावाविना, पण त्याहून जुना आहे.

माणाचे लोक आजही हिवाळ्यापूर्वी खाली उतरतात. बदरीनाथाचे दार नोव्हेंबरच्या सुमारास मिटते, त्यापाठोपाठ गाव रिकामे होते. मीठ नाही, तिबेट नाही. आता उन्हाळ्यात यात्रेकरूंसाठी चहाची दुकाने, बायकांनी विणलेले लोकरीचे कपडे, बटाटा, राजमा, आणि नीतीच्या बाजूला कुरणांत उगवणाऱ्या ‘कीडा-जडी’ नामक औषधी बुरशीचा शोध. गावाच्या प्रवेशापाशी पूर्वी ‘भारताचे शेवटचे गाव’ असा फलक होता, तो बदलून २०२३ मध्ये ‘पहिले गाव’ असा लावण्यात आला. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी माणाजवळ हिमकडा कोसळून सीमा रस्ता संघटनेची छावणी गाडली गेली. छावणीत ५४ कामगार होते, त्यांपैकी ४६ वाचले आणि ८ मरण पावले. गावातील घरे तेव्हा नेहमीप्रमाणे कुलूपबंद होती.